गॅस्केट खरवडणारी वहिनी

मैत्रिणींनो, आज केमला माहेरी गेले, तर आप्पा दारात पंपाचं इंजिन खोलून बसले होते. इंजिनाच्या हेडला, म्हणजे वरच्या झाकणाला, चिकटलेलं गळती रोखणारं जुनं गॅस्केट वहिनी डिझेल लावून पितळी पट्टीनं खरवडत होती.

"हळू, सूनबाई. चरा पडला तर परत गळंल," आप्पा तिला शिकवत होते.

लहानपणी मी हेच काम मागायचे, तेव्हा आप्पा "पोरीचं काम न्हाय" म्हणायचे.

मी पट्टीसाठी हात पुढे केला.

"तू बस की गं. पाव्हणी हायस, साडी खराब हुईल," आप्पा म्हणाले.

आप्पा बदलले, याचा आनंद व्हायला हवा होता. मला वहिनीच्या काळ्या हातांचा हेवा वाटला. वडील बदलले, पण आपल्यासाठी नाही, असं तुम्हालाही कधी वाटलंय का?