सील केलेला पेन ड्राइव्ह

नोकरीत शेकडो जबाब घेतले. त्यातले बरेच आता आठवतही नाहीत. त्या मुलीचा जबाब मात्र विसरता येत नाही, कारण त्यात चूक माझी होती.

तेव्हा मी नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी एका ठाण्याचा प्रभारी होतो. एका कार्यालयाचे साहेब तक्रार घेऊन आले. घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी जाहीर होण्याआधीच गावोगाव मोबाइलवर फिरत होती. त्यांचा संशय कंत्राटी संगणक ऑपरेटर मुलीवर होता. ती डोंगरातल्या पाड्यावरची, बी.ए. झालेली. रोज आल्या आल्या स्वतःचा पेन ड्राइव्ह लावायची, कानात इयरफोन घालायची आणि जाताना ड्राइव्ह काढून न्यायची. कार्यालयाच्या संगणकावर नवं काही टाकायला बंदी होती. हिचं कुठलंसं सॉफ्टवेअर मात्र थेट ड्राइव्हवरूनच चालायचं. चोरी लपवायला याहून सोपी सोय कोणती, असं मलाही वाटलं.

आम्ही कार्यालयात गेलो. सगळ्या कर्मचाऱ्यांसमोर मी दरडावून विचारलं, "यात काय आहे?"

"माझ्या कामाचं आहे, साहेब," एवढंच ती म्हणाली.

दोन पंच बोलावून पंचनामा केला, ड्राइव्ह पाकिटात घालून लाखेचं सील मारलं आणि सायबर शाखेकडे पाठवला.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात महिला पोलिसासमोर चौकशी झाली. प्रत्येक उत्तरानंतर तिचा एकच प्रश्न, "ड्राइव्ह परत कधी मिळेल?" आमचे हवालदार माझ्या कानाशी लागले. "साहेब, पोर काहीतरी लपाडी ऱ्हायनी." ती काहीतरी लपवतेय, असं मलाही वाटत होतं.

डोंगरातल्या माणसाचा जबाब आम्ही आधी वाचून दाखवायचो, मगच सही घ्यायचो. ही शिकलेली, म्हणून मी कागद नुसता पुढे सरकवला. तिनं त्यावरून नजर फिरवली, "बरोबर आहे" म्हणाली आणि सही केली. कागद उचलून बघतो तर तो मोटारसायकल चोरीतल्या भलत्याच माणसाचा जबाब! ढिगातून मीच चुकीचा काढून दिला होता.

हवालदारांना बाहेर पाठवून मी हळूच विचारलं, "ताई, तुम्हाला दिसत नाही का?"

ती ढसाढसा रडली. दोन वर्षांपासून नजर जात होती. अक्षरं आता लागतच नव्हती. ड्राइव्हवरचं सॉफ्टवेअर पडद्यावरचा मजकूर तिच्या कानात वाचायचं आणि कीबोर्ड तर बोटांना पाठ होता. कामात एकही चूक कोणी दाखवू शकलं नसतं.

"डोळ्यांचं साहेबांना सांगू नका," ती म्हणाली. "मार्चमध्ये कंत्राट संपतं. आईला मीच सांभाळते."

मी कोणाला सांगितलं नाही. सांगायची गरजच उरली नाही. ड्राइव्ह आमच्या सीलमध्ये, आणि ही पडद्यासमोर नुसती बसून. दोन दिवसांत सगळ्या कार्यालयाला कळलं. हवालदारांनी धडपड करून तेच सॉफ्टवेअर दुसऱ्या ड्राइव्हवर आणलं, पण साहेब म्हणाले, "चौकशी चालू असताना कसं लावू देऊ?" नियम त्यांच्या बाजूनं होता.

सायबर शाखेचा अहवाल आला. ड्राइव्हवर सॉफ्टवेअरशिवाय काही नव्हतं. यादी एका जुन्या लिपिकानंच नावं तपासायला मोबाइलच्या ग्रुपवर टाकली होती. त्यानं ते कबूलही केलं. मुलगी निर्दोष ठरली. मार्चमध्ये तिचं कंत्राट मात्र वाढवलं नाही. कारण कोणी दिलं नाही.

मुद्देमाल परत घ्यायला ती आईचा हात धरून ठाण्यात आली. पावती मी स्वतः ओळ न ओळ वाचून दाखवली. मी बोट ठेवलं तिथं तिनं सही केली.

"मी कार्यालयात खोटं बोलले नव्हते, साहेब," ती शांतपणे म्हणाली. "एकटीला विचारलं असतं, तर सगळं सांगितलं असतं."

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी चारचौघांत कोणाला पहिला प्रश्न विचारला नाही. पण तिला त्याचा काय उपयोग?