नव्या लेथवरचं ग्रीस

आमची लेथ, म्हणजे लोखंड कातायचं मशीन, आली तेव्हा ती लेथ आहे हे कागदावरून समजून घ्यावं लागलं. पेटी फोडली, प्लास्टिक फाडलं, तर आत काकवीत बुडवून काढल्यासारखं काहीतरी तपकिरी, चिकट उभं होतं. बोटीनं येणारं मशीन खाऱ्या हवेत गंजू नये म्हणून त्याला जाड ग्रीस फासतात, हे मला ठाऊक होतं. इतकं फासतात, हे ठाऊक नव्हतं.

मी आणि माझे यजमान, दोघांनीही बेळगावात दुसऱ्यांच्या वर्कशॉपमध्ये बरीच वर्षं काढलेली. ते लेथवर, मी तपासणीत. आता कंग्राळीच्या कडेला पत्र्याची शेड घेऊन स्वतःचं काम सुरू करायचं होतं. मशीन पूजेच्या आदल्या दिवशी यायचं होतं, पण ट्रक संकेश्वरजवळ उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकला आणि ते पूजेच्या दिवशीच, उजाडता उजाडता दारात आलं. दुपारी फिटर येणार होता. त्यानं फोनवर बजावलं, "ग्रीस निघाल्याशिवाय एकही हँडल फिरवू नका. घाण आत जाऊन बसती."

रॉकेल हल्ली मिळत नाही, म्हणून ग्रीस धुवायला डिझेल आणलं. यजमान म्हणाले, "वरवर पुसू, पूजा उरकू, बाकीचं उद्या."

"आंघोळ न घालताच बाळाचं बारसं?" मी म्हटलं.

चिंधीनं पुसलं की ग्रीस निघायचं नाही, नुसतं सरकायचं. लोखंडी पट्टीनं चरे पडतील म्हणून घरचं लाकडी उलथनं आणून खरवडायला लागलो. बघता बघता ग्रीस दाराच्या कडीला, फोनला, चहाच्या कपांना आणि यजमानांच्या कपाळाला लागलं.

तेवढ्यात निपाणीहून आक्का आली. माझी थोरली बहीण, शाळेत शिकवते. नोकरी सोडू नको म्हणून तिनं माझं डोकं खाल्लं होतं, आणि मी ऐकलं नाही तेव्हापासून बोलणंही कमी केलं होतं. नवी अबोली साडी नेसून ती दारातच थबकली.

"हे काय गं? नवं मशीन म्हणालतीस न्हवं?"

"नवंच आहे आक्का. वरचं ग्रीस आहे ते."

"नवं असून धुवायचं?"

पदर सावरत ती लांबूनच वाकून बघायला लागली, आणि सावरलेलाच पदर मशीनला टेकला. तिनं पदर बघितला, वास घेतला, पिशवी खुंटीला अडकवली.

"गेलाच न्हवं आता? आण ती चिंधी."

यजमानांचा जुना शर्ट साडीवर चढवून ती कामाला लागली. मशीनच्या लांब स्क्रूच्या आट्यांत दात घासायचा ब्रश घालून, वह्या तपासाव्यात तसा एकेक आटा साफ करत गेली. मान वर न करताच म्हणाली, "आमच्या ह्यांनी एकदा दुकान काढलं होतं. तुला ठावं न्हाय. वर्षभर बी चाललं न्हाय. तेव्हापासनं कुणी नोकरी सोडतो म्हटलं की मला भ्या वाटतंय."

मला खरंच माहीत नव्हतं. तिची भीती मी हट्ट समजत आले होते.

"सांगायचंस की, आक्का."

"सांगितलं की आत्ता. ह्यो आटा बघ, निघाला का?"

जेवणवेळेपर्यंत मशीन चकाकलं. मी त्यावर पातळ तेल फिरवायला घेतलं तशी आक्का ओरडली, "अगं, आत्ताच न्हवं काढलं सगळं!" गंज येऊ नये म्हणून एवढं लागतंच, हे यजमानांना शपथेवर सांगावं लागलं. पूजेचं कुंकू त्या तेलावरून घसरायला लागलं, शेवटी मोटरच्या झाकणावर लावलं. फिटरनं येऊन मशीन लेव्हल केलं आणि बटण आक्काला दाबायला लावलं. लोखंड धरणारा चक फिरला तशी ती दचकून मागं सरली, आणि मग टाळ्या वाजवायला लागली, वर्गात वाजवते तशा.

संध्याकाळी तिचा फोन आला. बसमध्ये कंडक्टर वास घेत घेत नेमका तिच्या सीटपाशी थांबला होता.

"कन्नडात विचारतोय, बाई, पिशवीत डिझेल हाय का? पिशवी उघडून दाखवली, तरी खरं वाटंना."

"मग?"

"मग काय, सांगितलं मोठ्यानं. माझ्या बहिणीचा कारखाना सुरू झालाय आज. सगळ्या बसनं ऐकलं."