चाचांची जुनी जागा

सोल्डरिंगचा धूर नाकात गेला की मला अकोल्यातलं आमचं टीव्ही-फ्रिजचं शोरूम आठवतं. गावोगावी शाखा असलेल्या त्या कंपनीचा मी तिथला मॅनेजर होतो. बाळापूरच्या एका वयस्कर मेकॅनिकला, सगळे त्यांना चाचा म्हणत, मीच आग्रह करून नोकरीवर आणलं होतं. त्यासाठी त्यांनी तिथलं स्वतःचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान सोडलं. पुढे कापसाचा पैसा बाजारात येईनासा झाला आणि कंपनीच्या शाखा एकेक करून बंद पडत गेल्या. आमचीही महिनाभरात बंद होणार असं पत्र आलं, कुणाला सांगायचं नाही या ताकिदीसह. त्याच आठवड्यात चाचांनी उघड्या टीव्हीतून मान वर काढून विचारलं, "साहेब, माही जुनी जागा खाली होऊन राहिली. घेऊन ठेवू काय?" "कशाला? इथं काय कमी आहे?" मी हसून म्हणालो. ती जागा एका मोबाइलवाल्याने घेतली. शेवटच्या दिवशी, माझ्या खिशात नागपूरच्या बदलीचं पत्र असताना, चाचांनी विचारलं, "तुमाले आंधी मालूम होतं काय?" मी नाही म्हणालो. "मंग तुमचा काय दोष," म्हणत त्यांनीच माझ्या पाठीवर हात ठेवला. अजूनही बस बाळापूरला थांबली की मी खिडकीकडे पाठ करून बसतो.