म्युझियमच्या फाटकावरचं गाऱ्हाणं

आधी चहा संपवा. कप खाली ठेवा, मग सांगतो. मागच्या वेळी हा किस्सा ऐकताना एकाच्या नाकातून चहा आला आणि त्याच्या बायकोनं शर्टाच्या डागांचा दोष माझ्यावर ठेवला.

चुकत कोण नाही हो? पण शहाणा माणूस चुकतो तो गुपचूप, घरातल्या घरात. मी कसा चुकलो? नारळ हातात घेऊन, चपला काढून, टिपेच्या आवाजात आणि वर अनोळखी माणसांची साथ घेऊन.

आवाजाचं आधी सांगतो. मी डिचोलीच्या लोखंडाच्या खाणीवर खनिज वाहायचा टिपर चालवायचो. दिवसभर इंजिनाच्या वरताण बोलायची सवय. घरी मीठ मागितलं तरी शेजारीण खिडकीत येऊन बघायची, भांडण कुठवर आलं म्हणून. राहायला मी सर्वणला, पण मूळचा पेडण्यातल्या पार्सेचा, आणि गावाकडे या आवाजाला मोठा मान होता. कुणाच्या घरी काही कार्य निघालं की गाऱ्हाणं घालायला मलाच बोलावणं यायचं.

गाऱ्हाणं म्हणजे काय, तर देवापुढे नारळ ठेवायचा आणि मनातलं सगळं मोठ्यानं सांगायचं. जमलेल्यांनी दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. त्यात देवापासून काही लपवायचं नाही, हा पहिला नियम. आणि ज्याची तक्रार केली त्याचंही शेवटी भलं मागायचं, हा दुसरा. पहिल्या नियमानं मला बुडवलं. दुसऱ्याचं पुढे सांगतो.

गोवा राज्य होऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. कोकणी की मराठी यावरून भांडून भांडून माणसं नुकती कुठे दमली होती. आमची मंदा बी.ए. झाली आणि तिला काचेच्या म्युझियममध्ये नोकरी लागली. हसू नका, खरंच काचेचं म्युझियम. एका ख्रिस्ती बाईंनी आपल्या जुन्या घरात मांडलं होतं. नवऱ्याची एके काळी काचेची भट्टी होती. तो गेल्यावर त्यानं जमवलेली, घडवलेली सगळी काच बाईंनी खोल्याखोल्यांतून लावून ठेवली. आलेल्या माणसांना ती फिरवून दाखवायची आणि माहिती सांगायची, हे मंदाचं काम.

आमच्या घराण्यात नोकरीला लागलेली ती पहिली मुलगी. मी खाणीवर पेढे वाटले होते. पण नोकरी होती परीक्षेवर. मंदानं सगळी माहिती इंग्रजीतून पाठ केलेली, आणि ती अशी म्हणून दाखवायची की ऐकणाऱ्याला वाटावं, आता हवामान सांगणार. मधे कुणी काही विचारलं की गाडी बंद. बाईंनी तिला एकदोनदा टोकलं, आणि मग सांगून टाकलं की या रविवारपर्यंत बघते, नाही जमलं तर दुसरी मुलगी शोधते. मंदाला जेवण जाईना. नोकरी गेली की तिच्या मामानं आणलेलं स्थळ तयारच होतं, आणि ते स्थळ तिला मुळीच नको होतं. मलाही नको होतं, पण मामासमोर मला कोण विचारतो?

रविवारी सकाळी ती कामावर गेल्यावर आमच्या हिनं विचारलं, “चेडू नव्या जाग्यात काम करता. थयच्या राखणदाराक नारळ दिलो?”

“नाय.”

“मगे ता काम टिकतला कसा?”

राखणदार म्हणजे त्या जागेचा रक्षक, जागेचा खरा मालक. आमच्या भागात विहीर खणायची तरी त्याला सांगून खणतात. आणि माझी मुलगी त्याला न विचारता महिनोन् महिने त्याच्या जागेत वावरत होती! मी धुतलेला शर्ट घातला, नारळ, उदबत्ती, केळी पिशवीत घातली आणि निघालो. मंदाला यातलं काहीच माहीत नव्हतं.

म्युझियमच्या फाटकाशी आलो आणि मला देव शोधावाही लागला नाही. चाफ्याच्या मुळाशी गुडघाभर उंच धोंडा. अंगावर लालभडक शेंदूर. पायाशी चाफ्याची फुलं. पेडण्याच्या माणसाला याहून जास्त काय लागतं? मी चपला काढल्या.

तेवढ्यात समोर एक बस थांबली. वेंगुर्ल्याकडची माणसं, नार्व्याला देवदर्शन करून परत निघालेली. रेडिएटरमध्ये पाणी घालायला ड्रायव्हर उतरला, तशी माणसंही पाय मोकळे करायला उतरली. मी नारळ सोलताना बघून जवळ आली.

“हय खयचो देव ओ?” एकानं विचारलं.

“जाग्याचो राखणदार.”

“कडक आसा?”

“एकदम कडक,” मी म्हटलं. मला काय माहीत? पण राखणदाराला नरम कोण म्हणेल?

भराभर चपला निघाल्या. बायकांनी डोक्यावरून पदर घेतले. आतल्या बाजूला एक म्हातारी बाई झाडं छाटत होती, मळका फ्रॉक, डोक्यावर गवताची हॅट. इतकी माणसं बघून तीही जवळ येऊन उभी राहिली. माळीण असणार. मी म्हटलं, “बाये, ही उदबत्ती धर जरा.” तिनं बिचारीनं निमूट धरली. राखणदाराच्या बाबतीत आमच्याकडे हिंदू-ख्रिस्ती कुणी बघत नाही.

आणि मी आवाज लावला.

“बा राखणदारा, ह्या जाग्याच्या मालका म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” वेंगुर्लेकर तयारीचे निघाले.

“माजा चेडू मंदा हय कामाक लागला. तेका काचेतला काय्येक कळना नाय. नुसता पाठ करून सांगता. तेका सांबाळून घे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“हयची बाई खाष्ट आसा. चेडवाक उठता-बसता बोलता. तिच्या मनात जा काय वाकडा-नाकडा आसात ता सरळ कर म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” या वेळी सगळ्यांत मोठा आवाज माळणीचा. मला बरं वाटलं. म्हटलं, ही इथलीच, म्हणजे हिलाही बाईंचा अनुभव असणार. मी आणखी चढलो.

“आज सांज जायच्या आत तिका बरी बुद्धी दी म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

आता दुसरा नियम. तक्रार झाली, भलं मागायला हवं. आणि खरं सांगतो, ते मी वरवर मागितलं नाही. मंदा एकदा म्हणाली होती की बाई एवढ्या मोठ्या घरात एकट्याच जेवायला बसतात. ते माझ्या मनात राहिलं होतं.

“ती बाई एकटी रवता म्हाराजा. एकट्यान रवान माणूस कडू जाता. तिच्या घोवान एवढा उभा केलान, ता बघूक तिच्या दारात माणसा येवंदी. तिचा घर भरांदी म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे म्हणाले. माळणीचा आवाज मात्र या वेळी आला नाही. मला वाटलं, दमली.

मग मी नारळ त्या धोंड्यावर आपटला. एका फटक्यात दोन शकलं. पाणी धोंड्यावरून ओघळलं, त्याबरोबर शेंदूरही ओघळला, आणि आतून काय दिसावं? हिरवागार उजेड! ऊन त्यात शिरलं आणि धोंडा आतून पेटल्यासारखा झाला.

“देव पावलो गे बाये!” एक म्हातारी ओरडली. मग काय विचारता! कुणी लोटांगण घातलं, कुणी फुलं वाहिली. म्हातारीनं माझा हात धरला, “माज्या झिलाचा लगीन जमना नाय, तेवढा एक गाऱ्हाणा घाला.” मी घसा साफ केला. एवढं स्वच्छ दर्शन मी आयुष्यात कुणाला घडवलं नव्हतं.

“बाबा.”

मंदा फाटकात उभी होती. चेहरा पांढरा.

“मंदा, बघ गो, राखणदार पावलो!”

“बाबा, ती काच.”

“काच? खय?”

“तुमी नारळ फोडलात ती. काचेचो गोळो तो. आणि शेंदूर न्हय तो, खनिजाची धूळ. तुमच्याच टिपरांची रोज उडता ती.”

आता बोला. ती धूळ मी वर्षानुवर्षं नाकातोंडात घेतली होती, घरी नेली होती, अंथरुणात झटकली होती. आणि त्या दिवशी मी तिला हात जोडून उभा होतो.

पण मंदा माझ्याकडे बघतच नव्हती. ती माझ्या मागे बघत होती. “मॅडम,” ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

बाईंना मी कधी बघितलं नव्हतं, तरी वळून शोधायला लागलो. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. बाई कुठेच नाहीत. मग माझं लक्ष त्या उदबत्तीकडे गेलं, आणि ती धरलेल्या हाताकडे, आणि मग हळूहळू वर हॅटकडे.

माळीण कसली, त्याच बाई! मुलीची नोकरी मी, तिच्या बापानं, फाटकातच नारळासारखी फोडली होती. अशा वेळी माणसानं गप्प बसावं की नाही? पण मी सुधारायला गेलो.

“बाई, खाष्ट म्हणजे तशी खाष्ट न्हय. म्हणजे कशी, आमची सासू जशी…”

“बाबा, गप रवा,” मंदा म्हणाली.

“नाय गो, बाईंका समजूक व्हया. काय झाला, तू घराकडे सांगलस…”

तिनं मला पुढचं बोलूच दिलं नाही. ती बसच्या माणसांकडे वळली आणि मोठ्यानं बोलायला लागली. आवाज कुणाचा म्हणाल, तर थेट माझा.

“आयका सगळ्यांनी! हो गोळो खयसून इलो ता सांगतंय. रेव वितळली की काच जाता. मॅडमच्या घोवाची हय भट्टी होती. ती बंद पडली तेव्हा तळाक उरली ती ही काच. भितर व्हरूक म्हणान माणसांनी उचलली, आणि हयसर पोचान दमली. तेच्यापुढे ती कोणाक हलली नाय. चला, भितर चला, बाकीची दाखवतंय.”

माणसं हसली आणि निघाली तिच्या मागून, अनवाणीच. मीही निघालो, सगळ्यांत मागे.

काय सांगू तुम्हाला आत काय होतं! छताला टांगलेले दिवे, देव्हाऱ्यातल्या सायबिणीपुढच्या, म्हणजे मेरीमातेपुढच्या, निळ्या समया, अत्तराच्या कुप्या, रंगीत तावदानं. पाठ केलेलं इंग्रजी मंदाच्या तोंडून एकदाही निघालं नाही. काजूची फेणी ठेवतात तो वेताच्या टोपलीतला मोठ्या पोटाचा काचेचा गाराफांव दिसला तसे पुरुष पुढे सरकले. “ह्यो तुमी माज्यापेक्षा बरो वळखतात,” ती म्हणाली, आणि एवढं पोट फुंकरीनं कसं फुगवतात ते तिनं स्वतःचे गाल फुगवून दाखवलं. हिरव्या चुड्याच्या बांगड्यांपाशी बायकांनी आपापले हात पुढे करून रंग ताडून बघितला. कुणी काही विचारलं की ती उत्तर द्यायची, आणि उत्तर संपायच्या आत पुढची गोष्ट सुरू.

तावदानांतून आलेलं लाल-निळं ऊन त्या माणसांच्या तोंडावर पडलं होतं. मी कोपऱ्यात उभा राहून बघत होतो. माझी मुलगी एवढं जाणते हे मला माहीतच नव्हतं, आणि मी राखणदाराला भलतंच सांगून बसलो होतो. राहवेना म्हणून मधेच म्हटलं, “मंदा, ह्या गाराफांवाचा मी सांगू…” तिनं आवाज आणखी चढवला आणि सगळ्यांना दुसऱ्या खोलीत नेलं.

बस गेली तेव्हा दुपार कलली होती. बाई व्हरांड्यात खुर्चीवर बसल्या होत्या. हॅट काढलेली, हातात खोबऱ्याचा तुकडा. चावत होत्या. मी हात जोडले. म्हटलं, “बाई, चूक माजी. चेडवाक शिक्षा करू नकात.”

“खाष्ट म्हणलें तें सोड,” बाई म्हणाल्या. “ताका ‘व्हय म्हाराजा’ हांवेंच म्हणलां.”

मग त्यांनी खोबऱ्याचा आणखी एक तुकडा मोडला. “म्हज्या घोवान हें सगळें लोकांखातीर केल्लें. म्हजें घर भरूं अशें मागपी पयलो तूंच.”

मी तिथेच पायरीवर बसलो. त्या बाईंचे उपकार मी आजही विसरलेलो नाही. हाकलून द्यायला त्यांना किती सोपं होतं! उलट त्यांनी मला केळं सोलून दिलं, माझंच आणलेलं, आणि मंदाला म्हणाल्या, “परीक्षा सोंपली. फाल्यां सावन तूं हांगाचीच.”

झालं! उद्यापासून मंदा कायमची. माझा जीव भांड्यात पडला, आणि जीव भांड्यात पडला की माझं तोंड सुटतं. मी म्हटलं, “बघलात बाई? काच तर काच, पण गाऱ्हाणा पावला! चेडवाक वाचा फुटली!”

बाईंनाही नवल वाटत होतंच. त्यांनी मंदाला जवळ बसवून घेतलं. “खरेंच गो, इतले दीस तोंडांतल्यान उतर येनासलें. आयज एक स्वास घेनासतना इतलें कशें उलयलें?”

मंदानं माझ्याकडे बघितलं, मग बाईंकडे.

“मॅडम, मी श्वास घेवक थांबलंय तर बाबा दुसरा गाऱ्हाणा सुरू करतले, ह्या भियान.”