सहा आठ

समिधाला त्या सॉफ्टवेअर कंपनीत बारा वर्षं झाली होती. तारखा कशा लिहाव्यात यावर तिने त्यातली बरीचशी वर्षं वाद घातला होता. हल्ली घालत नसे. सरावलीहून पालघरला यायचं, सांगतील ते करायचं, डबा खायचा.

सातपाटीच्या एका मच्छीमार सोसायटीचं काम आलं तेव्हा ती शेवटचं बोलली. बोट सुटल्याची नोंद तांडेलाच्या, म्हणजे बोटीच्या प्रमुखाच्या, फोनवरून सोसायटीच्या संगणकाला जाणार होती. दोघांनी तारीख एकाच पद्धतीने वाचावी, एवढंच ठरवायचं होतं.

"वर्ष आधी, मग महिना, मग दिवस," ती म्हणाली.

"मॅडम, अशी तारीख कोण लिहितं?" दर्पण हसला. तो तिचा साहेब, तिच्याहून चौदा वर्षांनी लहान.

बारा ऑगस्टला सकाळीच फोन वाजला.

"बाय, मी कमलाकांत तांडेल. बर्फ भरून बोट धक्क्याला उबी हाय आन् तुमचा कम्प्युटर सुटायची परवानगी देत नाय. म्हनतो, आठ जूनला बंदीत मासे मारलेस."

"जूनमध्ये गेला होतात?"

"जूनमदी बोट वर ओढलेली, ताडपत्री घालून. अख्ख्या गावानं बगितली. सहा ऑगस्टला सुटलो, काल आलो."

सहा आठ. फोनने दिवस आधी धाडला, संगणकाने महिना आधी वाचला. त्याच्या हिशेबी एक तारखेच्या बोटी जानेवारीत गेल्या, पाचच्या मेमध्ये. कुणाचं लक्ष गेलं नाही. बंदी जून-जुलैची, म्हणून सहा-सातवाले तेवढे सापडले.

राग यायला हवा होता. समिधाने नुसता चष्मा पुसला.

"किती वेळ आहे, काका?"

"दोन तासांत पानी उतरंल. मंग बोट चिकलात. बर्फाचं काय बोलू?"

ती दर्पणकडे गेली नाही. जुन्या नोंदी एकेक सरळ केल्या, साठवताना वर्ष आधी, आणि माणसं वाचतात तिथे महिना अक्षरांत: ६ ऑगस्ट. पाठीत कळ आली तशी खुर्चीच्या कडेवर बसून राहिली. पावणेदोन तास लागले.

पुन्हा फोन आला. मागे इंजिन धडधडत होतं.

"सुटली, बाय. पन तुमी पंचमी-अष्टमी का नाय लिवत? आमचं कदी चुकत नाय."

"कुठल्या महिन्यातली पंचमी, ते कसं कळणार?"

"भायेर बगायचं."

दुपारी दर्पण टेबलाशी आला. "मॅडम, बदल केलात? विचारायचं तरी."

"विचारलं होतं," समिधा म्हणाली, आणि डब्याचं झाकण काढलं. "त्या दिवसाची तारीख सांगू?"