नाथाजींची दोन बोटं

नाथाजी गुळव्यांना मी आधी ऐकलं, मग पाहिलं. एकाहत्तर सालच्या डिसेंबरात सांगलीपासून तीन कोसांवरच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू व्हायला आलो होतो. एस.टी. फाट्यावर थांबली आणि उसाच्या फडापलीकडून आरोळी आली, "उतरऽऽवा!" झाडावरचे कावळे उडाले ते थेट रहिमतपुरात जाऊन बसले असावेत. कंडक्टरने टपावरचं सगळं सामान मुकाट्याने खाली घेतलं. पुढच्या गावचे सात उतारू माझ्यामागे उतरले. मी ट्रंक खाली ठेवून दोन्ही हात वर करून उभा राहिलो.

फडापलीकडे रायगोंडा अण्णांचं गुऱ्हाळ होतं. उसाचा रस उकळायच्या मोठ्या काहिलीजवळ काडीसारखा एक माणूस बिडी शिलगावत उभा होता. एवढा आवाज ठेवायला देवाने त्याच्या अंगात जागा कुठे केली, हे मला आजवर कळलेलं नाही.

नाथाजी मूळचे रहिमतपूरचे. दर हंगामात बायकोला, रंगूबाईंना घेऊन अण्णांकडे गुळव्या म्हणून, म्हणजे गूळ शिजवायला, यायचे. त्यांची सगळी विद्या उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात होती. हात गार पाण्यात बुचकळायचा, उकळत्या पाकाचा थेंब उचलायचा, पुन्हा पाण्यात बुडवून त्याची गोळी वळायची. गोळी बोटांना काय सांगायची ते त्यांनाच ठाऊक. काहील घटकाभर लवकर उतरवली तर गूळ बसत नाही, उशीर झाला तर करपतो. "मास्तर, तुमी पोरांस्नी वरीसभर तपासताय तरी ती नापास हुत्यात," ते मला म्हणायचे. "माजं बोट एकदाच तपासतंय."

चौऱ्याहत्तर साली हंगामाच्या तोंडावर ते काहिलीखालचं चुलाण लिंपायला आधीच आले आणि त्यांना गॅस्ट्रो झाला. अण्णांच्या ट्रॅक्टरमधून सांगलीच्या एका दवाखान्यात नेईपर्यंत त्यांचं चिपाड झालं होतं. हातापायांच्या शिरा आटून गेलेल्या. सलाईन लावायला जागा सापडेना. शेवटी डॉक्टरांनी मान आणि खांदा यांच्या बेचक्यातून आतल्या मोठ्या शिरेत नळी घालायचं ठरवलं. मी पाय धरले होते. सुई आत गेली आणि मरायला टेकलेला तो माणूस ओरडला, "आई गं! बोटात करंट आला!" शेजारच्या खोलीतला पेशंट उठून बसला. डॉक्टरांनी सुई मागे घेतली, पुन्हा नीट घातली, आणि नाथाजी वाचले. पण ती दोन बोटं बधिर झाली. "सुई शिरेशेजारच्या, बोटांकडे जाणाऱ्या नसेला लागली," डॉक्टरांनी सरळ सांगितलं. "नस हळूहळू भरते. वर्षही लागेल."

वर्ष! हंगाम तर महिन्यावर आला होता.

पहिल्या काहिलीला नाथाजींनी पाण्यात हात न बुचकळताच पाक उचलला आणि चेहरा जराही हलला नाही. गडी हात जोडायचे बाकी राहिले. "देवाचा हात हाय गड्या!" देवाच्या हाताला टपोरे फोड आले आणि गूळ काही बसेना.

अण्णांनी ढेपेत बोट घातलं, ते आरपार गेलं. "नाथाजी, ही बासुंदी कुणाच्या लग्नाची? आनी एक काहील बिघडली, तर कोरेगावच्या धुळा गुळव्याला बोलिवतो बघ." एवढं बोलून ते लेकीच्या लग्नाच्या तयारीला कर्नाटकात निघून गेले.

त्या दिवशी नाथाजींचा आवाज मी पहिल्यांदाच बारीक ऐकला. "मास्तर, बोटं गेली तर मी कोन?"

उत्तर रंगूबाईंनी दिलं. "तुमचं नरडं हाय न्हवं? वरडाय तेवढं पुरं." दुसऱ्या दिवशी त्या पाण्याचा तांब्या घेऊन काहिलीशेजारी आल्या. अण्णांच्या गुऱ्हाळात बाईने चुलाणावर यायचं नाही, असा त्यांच्या वडिलांपासूनचा नियम होता. पण आजारी नवऱ्याला पाणी द्यायला कोण हरकत घेणार? नाथाजी पाकाचा थेंब तांब्यात सोडायचे, रंगूबाई आत हात घालून गोळी वळायच्या. वीस वर्षं नुसतं बघून शिकलेली बाई. कच्ची असली तर पदर कमरेला खोचलेला. जमली की पदर डोक्यावर. पदर वर गेला की नाथाजींची आरोळी, "उतरऽऽवा!" महिनाभर गूळ असा उतरला की गडी पुन्हा देवाचा हात म्हणू लागले.

मग अण्णा परतले, आणि अचानक काहिलीपाशीच येऊन उभे राहिले. पाक अजून पातळ होता. समोर थोर माणूस बघताच रंगूबाईंनी जन्माच्या सवयीने पदर डोक्यावर घेतला.

"उतरऽऽवा!"

"आवं, थांबा की!" रंगूबाई किंचाळल्या. पण त्या आवाजापुढे कुणाला काय ऐकू येणार? काहील उतरली. पुन्हा बासुंदी.

अण्णांनी बासुंदीकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं, पदराकडे पाहिलं. नाथाजी मान खाली घालून अण्णांनीच दिलेला मानाचा फेटा सोडू लागले.

"ऱ्हाऊ दे तो," अण्णा म्हणाले. "रंगूबाई, उद्यापास्नं माज्याम्होरं पदर घ्यायचा न्हाई. लय नुकसान हुतंय."

हंगाम संपला तेव्हा रिवाजाप्रमाणे नाथाजींना नवा फेटा मिळाला आणि त्याबरोबर एक इरकली लुगडं. "ह्ये तांब्याला," अण्णा म्हणाले.

पंच्याहत्तरच्या दसऱ्याला रंगूबाई भाकरी भाजत असताना नाथाजींचं बोट तव्याला लागलं आणि ते अंगणभर नाचले. भाजलेलं त्यांना कळलं होतं! त्याच आठवड्यात ते फोड आलेलं बोट घेऊन अण्णांच्या दारात हजर झाले.

अण्णांनी सगळा ऊस साखर कारखान्याला देऊन टाकला होता. काहील मोडीत गेली होती. त्यांच्याच ओळखीने नाथाजी कारखान्याच्या फाटकावर लागले. बैलगाड्या ओरडून थांबवायच्या आणि ओरडून सोडायच्या. त्याला बोटं लागत नाहीत.