बर्नार्डचं शेवटचं गाणं आणि माझं पोट

कतारच्या रेडिओवर माझ्या पोटाची बातमी एकदाच लागली, तीही इंग्रजी कार्यक्रमात.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. अल रय्यानमध्ये आमच्या शेजारी बर्नार्ड राहायचा. तरुणपणी लंडनमध्ये त्यानं गाणी केली, नाव झालं गाणाऱ्यांचं! मग इथल्या रेडिओवर वर्षानुवर्षं तो दुसऱ्यांचीच गाणी वाजवत राहिला. मायदेशी परतण्यापूर्वी त्यानं एक नवं गाणं केलं आणि स्वतः गाऊन आमच्या टेपरेकॉर्डरवर भरलं (त्याच्या मशीनमध्ये वाळू गेली होती). निरोपाच्या कार्यक्रमात ते लावायचं होतं.

त्याच दिवशी माझ्या बायकोनं, सुमननं, साताऱ्याला तिच्या बाबांसाठी कॅसेट भरली. तेव्हा आम्ही मंडळी पत्रांऐवजी कॅसेटवर बोलायचो. सुट्टीवर जाणारा ती पोचवायचा, घरचे ऐकून त्याच कॅसेटवर उत्तर भरायचे. दोन्ही कॅसेटी दिसायला सारख्या. मी घाईघाईनं एक गावी निघालेल्या गायकवाडांना दिली, दुसरी बर्नार्डला.

शुक्रवारी आम्ही रेडिओला कान लावून बसलो. "हे माझं स्वतःचं गाणं," बर्नार्डनं जाहीर केलं. आणि रेडिओतून सुमन कडाडली, "बाबा, ह्यांचं पोट पुन्हा बिघडलंय! चूर्ण पाठवा! आणि तुम्हीच सांगा ह्यांना, जिभेवर ताबा ठेवा म्हणून!"

"अहो, हा माझा आवाज!"

"आणि माझं पोट!"

ऑफिसातले सगळे मराठी लोक आठवडाभर माझ्या तब्येतीची चौकशी करत होते.

बर्नार्ड मात्र एका शब्दानं रागावला नाही. "कॅसेट इन्शाल्ला येईल. आली की इंग्लंडला पाठवा," म्हणाला आणि गेला.

दोन महिन्यांनी गायकवाड परतले. कॅसेट लावली, तर सासरेबुवा! "जावईबापू, ह्यावर कुणी साहेबच गात होता. तुमचं काहीच नव्हतं, म्हणून आम्ही आमचं भरलं!" पुढे मेहुणीच्या साखरपुड्याचं वर्णन, अगदी पानात काय काय वाढलं त्यासकट.

बर्नार्डला फोनवर सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "शब्द आहेत हो. चाल निसटली. तुम्ही ऐकलीत ना? गुणगुणून पाठवा."

मी! शाळेच्या प्रार्थनेत गुरुजी मला नुसते ओठ हलवायला सांगायचे! तरी जीव ओतून गुणगुणलो आणि कॅसेट पाठवली. यथावकाश तीच परत आली. बर्नार्ड म्हणत होता, "चाल सुरेख आहे, मित्रा. पण माझी नाही."

त्याचं गाणं आमच्या घरातून हरवलं, ह्याची चुटपुट आजही जात नाही. आणि मी आयुष्यात रचलेली ती एकमेव सुरेख चाल? तीही गेली. बर्नार्ड आमच्या शेजारात राहून चांगलाच तयार झाला होता. त्यानं उत्तर नेमकं माझ्या गुणगुणण्यावरच भरलं होतं!